तात्यांची बोलकी पेटी

बोर्डी,
४ मार्च २०१८

पीयूष,

माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. तैवानचा पत्ता शितलने दिला. तिच्यावर चिडू नकोस. ती देत नव्हती, पण मी उंबरगावला तिच्या कंपनीच्या गेटवर जाऊन बसले तेव्हा वॉचमनसमोर तमाशा नको म्हणून दिला. पत्र फेकून द्यायचं तरी ते कुणाचं आहे हे आधी बघावं लागतं, एवढ्या आशेवर लिहिते आहे.

घाबरायचं कारण नाही. तात्या बरे आहेत, आई बरी आहे. चिकू यंदा ठीक आहे, म्हणजे वटवाघळांनी खाऊन उरलेला आपला. लडक्या अजून आपल्याकडेच कामाला आहे. सायवनला घरी जातो तेव्हा दोन दिवसांचं सांगून आठवड्याने उगवतो. माझी वाणगावची शाळा चालू आहे आणि पोरं मला मागे काय म्हणतात ते मला माहीत आहे.

तक्रार पेटीची आहे. बंद पडलेली नाही, चालते. पण तिच्यातले शब्द फाटायला लागलेत. पहिल्यांदा दिवाळीच्या सुमाराला 'रंभे'मधला 'भे' किंचित खरखरला. मला वाटलं स्पीकर गेला. डहाणूहून नवीन आणून लडक्याकडून बसवून घेतला. फरक शून्य. आता 'रंभे' म्हणजे नुसतं 'र' आणि पुढे कुणीतरी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं. त्याच्या मागोमाग 'ऐकतेस का' गेलं, मग 'चहा', मग 'औषध घेतलंस?'

तुझ्या डोक्यातून हे सगळं गेलं असेल तर आठवण करून देते. या पावसाळ्यात तात्यांच्या ऑपरेशनला चार वर्षं होतील. घशातलं स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळे रडत होतो आणि तू एकटा मायक्रोफोन घेऊन वाडीत फिरत होतास. तात्यांना झाडाखाली बसवून, चिडवून, प्रसंगी भांडण उकरून काढून तू त्यांच्याकडून त्यांची रोजची वाक्यं बोलवून घेतलीस आणि ती त्या पेटीत भरलीस. एक नंबर दाबला की आईला हाक, 'रंभे', दोन दाबला की 'ऐकतेस का'. माझ्या आयुष्यात मला तुझा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. हे तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

मागणी छोटी आहे. मूळ रेकॉर्डिंग तुझ्या लॅपटॉपवर असतील. एका पेनड्राइव्हवर टाकून पाठव. तात्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी पाटीवर लिहून मला बजावलं आहे की त्याला कळवायचं नाही. पण त्यांचं मी कधी ऐकलं आहे?

मयुराताई

बोर्डी,
१७ जून २०१८

पीयूष,

उत्तर नाही. ठीक आहे. शाळेतही पहिल्या हाकेला हात वर करणारं पोर विरळाच.

मे महिन्यात मी पेटी शितलकडे नेली. तुझ्याबरोबर शिकलेली आणि अजून माझ्याशी बोलणारी तीच एक. तिने झाकण उघडलं, संगणकाला तारा जोडल्या आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मयुराताई, स्पीकर चांगला आहे. मेमरीची चिप झिजतेय आणि त्याने एरर करेक्शन एकावर ठेवलंय."

तिने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. चुकलं असेल तर तू हसशील, आणि हसलास हे कळवायला तरी दोन ओळी लिहिशील.

वर्गात पोरं ओळींनी बसवायची. काहींचे हात वर, काहींचे खाली. प्रत्येक उभ्या आणि आडव्या ओळीत वर केलेले हात सम आहेत की विषम, एवढंच फळ्यावर लिहून ठेवायचं. मी पाठ फिरवली आणि एका कार्ट्याने हात खाली घेतला, तर कुठली उभी आणि कुठली आडवी ओळ बिघडली ते बघून नेमकं तेच कार्टं धरता येतं. दोघांनी चावटपणा केला तर काहीतरी गडबड आहे एवढंच कळतं, कोण ते कळत नाही. आणि तिघांनी केला तर कधीकधी फळा भलत्याच गरीब पोराकडे बोट दाखवतो आणि मी त्यालाच चोपते. म्हणजे पेटी चूक सुधारायला जाते आणि चांगलं असलेलंही बिघडवते. असंच ना?

या जातीच्या चिपला एका वेळी निदान चार चुका सुधारण्याची सोय हवीच, तसं चिप बनवणारेच लिहून देतात, असं शितल म्हणते. नवीन असताना एकाने भागतं, जुनी झाली की भागत नाही. मी तिला म्हटलं, पीयूष इतका निष्काळजी नाही. तर ती हसली. तूच तिला तेव्हा सगळं सांगितलं होतंस म्हणे.

तू आधी चारचीच ठेवली होतीस. पण ते गणित करायला त्या बिचाऱ्या स्वस्तातल्या प्रोसेसरला वेळ लागायचा. बटण दाबलं की दोन सेकंदांनी आवाज. आणि आपल्या घरात दोन सेकंद थांबतं कोण? मला ते दिवस आठवले आणि मी शितलसमोर हसत सुटले. तात्या 'चहा' दाबायचे, पेटी विचारात पडायची, तोवर आईने दुसरंच काही विचारलेलं असायचं, त्यावर मी तिसरंच, कुणाच्या तरी काविळीचं, बोललेली असायचे, आणि मग मध्येच पेटी ओरडायची, 'चहा!' आई विचारायची, "काविळीवर चहा?" तात्या पेटीवर बुक्की मारायचे. या घरात जन्मात कुणी दुसऱ्याचं वाक्य संपू दिलेलं नाही, तिथे तात्यांचा बोलायचा नंबरच येईना. म्हणून तू करेक्शन एकावर आणलंस, आणि दाबल्याबरोबर आवाज यायला लागला. तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या घरासाठी तू ही चूक केली नसतीस. मी तुला दोष देत नाही.

शितलने आणखी एक सांगितलं, ते मला सहन झालं नाही. मेमरीची जी पानं जास्त वेळा वाचली जातात ती आधी झिजतात. म्हणजे तात्या जे जास्त बोलतात ते आधी जाणार. 'रंभे' पहिलं का गेलं ते आता कळलं. आणि 'दलाल आला का?', 'माकडं हाकला रे' हे असं खणखणीत आहे की वाटतं तात्या झाडावरच बसलेत.

प्रोग्रामला तू कुलूप घातलेलं आहेस. ते उघडायला गेलं तर आतलं सगळं पुसलं जातं. तिच्या हातात काही नाही. माझ्या हातात तर कधीच नव्हतं. मूळ रेकॉर्डिंग पाठव, नाहीतर निदान प्रोग्राम तरी पाठव.

आणि एक. मागच्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं. तू गेलास तेव्हा तिला एका डोळ्याने थोडं दिसत होतं. आता नाही दिसत. दोन्ही डोळ्यांनी नाही. काचबिंदू. गेल्या वर्षीपासून. तुला कळवायचं नाही असं तिनेच सांगितलं होतं. ह्या घरात तुला काही कळवायचं म्हटलं की कुणीतरी आडवं येतंच.

तेव्हा आता लक्षात घे. तात्या पाटीवर लिहितात, ते आईला दिसत नाही. तात्या ओठ हलवतात, तेही तिला दिसत नाही. त्या दोघांमध्ये एवढी एक पेटी आहे.

मयुराताई

बोर्डी,
९ सप्टेंबर २०१८

पीयूष,

गणपती तोंडावर आलेत. डेकोरेशनला तू नाहीस, तेव्हा यंदाही मी आणि लडक्या मिळून काहीतरी वाकडंतिकडं करू.

जे शब्द अजून धड आहेत ते मी एके दिवशी मोबाईल स्पीकरला लावून रेकॉर्ड करून ठेवले. शितलने सांगितलं तसं. 'पाणी', 'जेवण झालं का', 'दार लाव', 'पाऊस येतोय', आणि दलाल, माकडं वगैरे सगळी मंडळी. निदान तेवढे तरी हातातून जाणार नाहीत. फाटलेले सोडून दिले. फाटकं कोण साठवून ठेवतं?

सध्या या घरात नवरा-बायको माझ्या तोंडून बोलतात. तात्या पाटीवर लिहितात, मी आईला वाचून दाखवते. ऐकायला बरं वाटतं, पण तू एक दिवस करून बघ. गेल्या आठवड्यात भांडण झालं. आईचं म्हणणं, विहिरीकडची जुनी चार झाडं तोडून तिथे मिरची लावा. तात्यांनी पाटी भरून उत्तर लिहिलं. मी त्याचा सारांश सांगितला. तात्यांनी पाटी आपटली आणि खाली लिहिलं, 'सगळं वाच.' मग मी सगळं वाचलं. माझ्याच आईला माझ्याच तोंडाने 'तुझ्या माहेरच्यांनी कधी झाड लावलंय का' असं म्हणाले. आई माझ्यावरच भडकली. तात्या गालातल्या गालात हसत बसले होते.

हसण्यासारखं तेवढंच. परवा आईला बरं नव्हतं, पडून होती. तात्या उशाशी बसून पाटीवर काहीतरी लिहीत होते. मी वाचायला पुढे झाले तर त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि तळहाताने सगळं पुसून टाकलं. मुलीच्या तोंडून सांगण्यासारखं ते नव्हतं. मी उठून ओटीवर गेले, पण मी उठून काय उपयोग? मी नसले तर ते तिच्यापर्यंत पोचणारच नव्हतं.

लडक्या तात्यांची नक्कल हुबेहूब करतो, तुला माहीत आहे. वाडीतले सगळे फसतात. मला वाटलं, त्याच्याकडून 'रंभे' म्हणवून घ्यावं आणि पेटीत नाही तर नाही, मोबाईलवर तरी ठेवावं. त्याने लाजत लाजत म्हटलं. आई न्हाणीतून ओरडली, "लडक्या, मेल्या, लाज नाही वाटत?" तो तीन दिवस तिच्या समोर आला नाही.

पण एक गोष्ट बघितली. तात्या एक नंबर दाबतात, पेटीतून ती वाळू ओतल्यासारखी खरखर येते, आणि आई म्हणते, "ओ." न चुकता. शब्द इतका हळूहळू फाटत गेला की ती त्याच्याबरोबर चालत गेली. मी विचारलं, आई, तुला कळतं तरी का काय म्हणतात? म्हणाली, "अगो, हाक आहे ती. हाक कळायला काय कान लावायला लागतो?"

आता तुझं. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण तू गप्प बसून मला लिहायला लावतोस. तू तैवानची नोकरी घेतलीस असं सांगितलंस, आणि तात्यांनी 'चल, नीघ इथून' दाबलं. गुरं हाकलायला भरलेलं वाक्य. माझ्याच यंत्रातून मला हाकललं, असं तू म्हणालास आणि गेलास. त्यांनी रागानेच दाबलं होतं, मी त्यांची बाजू घेत नाही. पण तू फाटकापर्यंत गेलास तेव्हा ते पेटीवर बटणं शोधत होते. थांब, बस, ऐक, यातलं काही त्या पेटीत नव्हतं. भरताना तुम्हा दोघांपैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं.

माझ्यावर राग असेल तर तो ठेव. पेटीचं तेवढं बघ.

ताई

बोर्डी,
१६ डिसेंबर २०१८

पीयूष,

बातम्यांत वाचलं असशील. महिनाभर जमीन हलते आहे. डहाणू-तलासरीकडे जास्त, आपल्याकडे त्या मानाने कमी. भांडी वाजतात, खिडक्या थरथरतात, आणि मग सगळे अंगणात उभे राहून एकमेकांना विचारतात, तुला कळला का? सायवनला लडक्याच्या घराची भिंत चिरली. परवा येऊन सांगत होता, "ताय, घरान कोन जाय नाय आता. पोरा भायेर, डोकरी भायेर, कोंबड्याच तेवढ्या आत." त्याला म्हटलं सगळ्यांना इथे घेऊन ये. म्हणाला, तिकडची जमीन सोडून कसं यायचं.

शाळेत मी पोरांना बाकाखाली बसायला शिकवते. घरी आईला काय शिकवू? तिला जमीन हललेली दिसत नाही, फक्त कळते. आता तर कशानेही कळते. ट्रक गेला तरी उठते. गेल्या रविवारी दुपारी ती पडली होती, तात्यांना तिला उठवायचं होतं. पेटी चार्जिंगला लावलेली, म्हणून त्यांनी खाटेच्या पायावर हलकेच काठी वाजवली. आई किंचाळत उठली आणि दाराकडे धावली. उंबऱ्याला पाय लागून पडली. गुडघा फुटला. तात्या मागून जात होते, पण थांब म्हणायला त्यांच्याकडे काय होतं?

तेव्हापासून ते तिला हात लावायलाही घाबरतात. झोपेत हात लावला की ती दचकते, खाट वाजवली की पळते. पेटी मात्र ते सतत गळ्यात अडकवून असतात. एक नंबर दाबतात. खरखर होते, आई म्हणते, "ओ, इथेच आहे." पुन्हा दाबतात, पुन्हा ओ. जमीन हलली की अंगणात दोघांचं हेच चालू असतं. आणि शितलचं म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही, की प्रत्येक वेळी दाबलं की ते आणखी झिजतं. मी एकदा तात्यांना म्हटलं, थोडं कमी दाबा, पीयूषचं उत्तर येईपर्यंत जपून वापरू. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'मग ती कुणाची हाक ऐकेल?'

मला काय करावं ते कळत नाही, पीयूष. खरंच कळत नाही. मी गणित शिकवते, मला सगळ्याचं उत्तर काढायची सवय आहे, आणि इथे मी नुसती दोघांच्या मध्ये उभी आहे. तू तिथे त्याच चिपांच्या गावात बसला आहेस. चार ओळी लिही.

ताई

बोर्डी,
१० फेब्रुवारी २०१९

पीयूष,

काल शितलचा फोन आला. तुझा मेल आला म्हणून. मी स्टेशनवर उभी होते, लोकांसमोर रडले. एका बाईंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, कोण गेलं? म्हटलं, गेलं नाही, आलं.

मग राग आला. चार पत्रं मी लिहिली आणि उत्तर शितलला. माझ्याशी बोलायला तुला शितल लागते, जशी आईशी बोलायला तात्यांना मी. आपण सगळे एकाच घरातले आहोत हे यावरून तरी सिद्ध होतं.

तिने मेल वाचून दाखवला. मूळ रेकॉर्डिंग नाहीत. तो लॅपटॉप पुण्याच्या कंपनीचा होता, सोडताना परत केला, त्यांनी पुसला. हे वाचताना तिचा आवाज बारीक झाला. पण नवीन प्रोग्राम पाठवला आहेस. कुलपाची किल्लीही. करेक्शन चारवर, आणि तरी उशीर होणार नाही, त्यासाठी तू गणिताची उत्तरं आधीच मांडून ठेवली आहेस म्हणे. शितल म्हणाली, "फार सुंदर काम केलंय त्याने, रात्री जागून केलं असणार." मेलच्या शेवटी फक्त 'टेस्ट करून कळव' एवढंच होतं. आईचं नाव नाही, तात्यांचं नाही. पण नोकरी सांभाळून एवढा खटाटोप कुणी परक्यासाठी करत नाही, हे मला कळतं.

तात्यांना सांगितलं. पाटी घेतली, खडू घेतला, आणि दोन्ही खाली ठेवलं. गळ्यातली पेटी काढली आणि धोतराच्या सोग्याने स्वच्छ पुसली. आईने विचारलं, "पीयूषने पाठवलं? मग होईल आता." तिला तुझ्यावर कधीच शंका नव्हती.

पुढच्या शनिवारी पेटी घेऊन जाते. देव तुझं भलं करो, गाढवा.

ताई

बोर्डी,
२४ फेब्रुवारी २०१९

पीयूष,

टेस्ट करून कळव असं म्हटलं होतंस. कळवते.

पेटी उत्तम चालते. दाबल्याबरोबर बोलते. 'पाणी' अगदी तात्या घशातून बोलायचे तसं. 'पाऊस येतोय' ऐकून लडक्याने खरंच वर बघितलं. मी मोबाईलवर ठेवलेले, मधल्या काळात बिघडलेले शब्दही शितलने परत भरले. ती म्हणाली, आता दहा वर्षं बघायला नको. तुझ्या कामात कुठेही चूक नाही. हे आधी नीट वाच आणि मग पुढचं वाच.

प्रत्येक शब्दाच्या शेवटी तू त्याच्या आतल्या आकड्यांची बेरीज लिहून ठेवली होतीस. जुन्या प्रोग्रामात ती तपासायला वेळ जातो म्हणून तू तपासतच नव्हतास, जे येईल ते वाजवत होतास. नवीन प्रोग्राम तपासतो. आधी सगळे शब्द वाचतो, बेरीज जुळली तर नव्या पद्धतीने लिहितो, नाही जुळली तर तो शब्द खराब म्हणून टाकतो आणि जागा रिकामी करतो. बरोबरच आहे. मीही पेपर असेच तपासते. शितलच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या, बरोबर, बरोबर, खराब, बरोबर. एक नंबरसमोर 'खराब' आलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. तो खराब होता हे आम्हाला माहीतच होतं. शेवटी पडद्यावर आलं की आता पेटीत एकही चूक नाही.

घरी आले. आई ओटीवर बसली होती. तात्यांनी पेटी गळ्यात अडकवली, तिच्या शेजारी बसले आणि एक दाबलं.

काही नाही. खरखरही नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. मी उभ्याउभ्याच शितलला फोन केला. ती म्हणाली, जुनं पुसूनच नवं लिहिलं जातं, आता काढता येणार नाही. त्या खरखरीचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

तात्यांनी मग 'पाणी' दाबलं. काहीतरी दाबायला हवं म्हणून. आई म्हणाली, "पाणी देते, पण हाक का नाही मारली?" तुला माहीत आहे, तात्या रागावले की आईचं नाव घेत नाहीत. लग्न झाल्यापासूनची रीत. चहा मागतील, दार लाव म्हणतील, सगळं बोलतील, पण नाव नाही घेणार. राग गेला की आधी 'रंभे' म्हणणार आणि मग पुढे बोलणार. आपल्या लहानपणी आईचा चेहरा बघून कळायचं, आज नाव घेतलं की नाही.

मी तिला सगळं समजावलं. पेटी, बेरीज, खराब, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू नको सांगू, मयुरा. कालपरवापर्यंत मारत होते ना हाक? आता पेटी सुधारली आणि हाक बंद झाली, असं कुठे असतं?" तिच्या दृष्टीने ती हाक कधी बिघडलीच नव्हती, तर मी काय समजावणार? तात्यांनी तिचा हात हातात घेतला. तिने तो राहू दिला, पण म्हणाली, "हात धरून काय करू? आधी नाव घ्या."

आठवडा झाला. काल दुपारी मी शाळेतून आले तर दोघं ओटीवरच होते. आई बोलत होती. विहिरीकडची झाडं तोडा म्हणाले ते चुकलं माझं. तुमच्या बहिणीच्या लग्नात मी माहेरी जाऊन बसले ते चुकलं. पीयूष गेला त्या दिवशी मी त्याला थांबवलं नाही, तेव्हापासून मनात धरलंय का तुम्ही? एकेक आठवून आठवून ती त्यांची माफी मागत होती, आणि प्रत्येक वेळी थांबून कान देत होती. तात्या तिच्यासमोर बसून मान हलवत होते. नाही, नाही, नाही. इतक्या जोरात की टोपी खाली पडली. ती मान तिला दिसत नाही, पीयूष. मी दारात उभी होते. मी मध्ये बोलले की ती म्हणते, तू नको सांगू.

मयुराताई